बाप्पाने टाळलेली वाट

हिवाळ्यात, मध्यरात्र उलटल्यावर, बर्फातून डोंगर चढण्याला मराठीत वेगळा शब्द नाही. तो नसल्यामुळे आजवर कोणाचे अडलेलेही नाही. आभाळातून भुरभुरतो तो बर्फ आणि टेम्पोतून गोणपाटाखाली लादीच्या रूपाने येतो तोही बर्फच, असे मराठीने दोघांना एकाच नावात बसवले आहे. ‘हिम’ हा शब्द कोशात आहे, पण ‘काल रात्री हिम पडले’ असे वाक्य भूगोलाच्या पुस्तकाबाहेर सहसा ऐकू येत नाही. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर थांबते आणि तेवढ्या उंचीला या अक्षांशावर बर्फ पडत नाही. राज्याची बर्फाची हौस महाबळेश्वर भागवते. वेण्णा तलावाच्या काठी थंडीतल्या एखाद्या पहाटे दव गोठते, गाड्यांच्या टपावर पांढरी साय धरते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘मिनी काश्मीर’ अवतरते. टपावरून खरवडलेले हिमकण तळहातावर घेऊन काढलेला फोटो जवळपास दरवर्षी छापून येतो. तळहात तेवढा बदलतो.

गणपतीपुळ्याला हेही सुख नाही. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गाने पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्राच्या मांडीला मांडी लावून बसलेले हे गाव. जानेवारीत पहाटे पारा अठरा अंशांच्या आसपास आला की ते कुडकुडते. थंडीचे मोजमाप इथे तापमापकावर होत नाही, खोबरेल तेलाच्या बाटलीवर होते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. बाटलीतले तेल पातळ आहे तोवर थंडी आलेली नाही. तळाशी पांढरे धरले की कानाला रुमाल बांधायला हरकत नाही. बाटली उलटी धरून, बुडावर थाप मारूनही थेंब पडेना, म्हणजे यंदा थंडी कडक आणि आंब्याला मोहोर चांगला. मग ती बाटली ओटीच्या कठड्यावर उन्हात ठेवली जाते आणि नऊ वाजेपर्यंत गावातला हिमवर्षाव वितळून जातो.

खरा बर्फ गावाला ठाऊक आहे तो मासळीचा. लादी फोडून केलेला चुरा, त्यात मान खुपसून पडलेली सुरमई आणि टोपलीच्या तळातून गळणारे पाणी. त्यामुळे कोकणी नाकाच्या हिशेबी बर्फाला वास असतो आणि तो बांगड्याचा असतो. हिमालयात पहिल्यांदा मूठभर बर्फ उचलून नाकाशी नेणाऱ्या पुळेकराच्या चेहऱ्यावर क्षणभर जी निराशा दिसते, तिचे कारण हे आहे.

गावच्या दैवताचीही या बाबतीतली भूमिका स्पष्ट आहे. पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लागली तेव्हा कार्तिकेय मोरावर बसून निघाला. गणपती उठला, आईवडिलांभोवती फिरला आणि परत जागेवर येऊन बसला. निकाल सर्वांना माहीत आहे. न जाता पहिला आलेला ट्रेकर पुराणांत हा एकच. वास्तविक त्याचे घर कैलासावर, म्हणजे बर्फातच. वडिलांचे बिऱ्हाड अजून तिथेच आहे. मुलाने मात्र समुद्रकाठ पसंत केला. गणपती आधी गुळ्याला होता आणि तिथल्या एका बाईच्या बोलण्याचा राग येऊन पुळ्याला आला, अशी कथा सांगतात. त्यानंतर तो कुठे गेल्याची कथा नाही. देवळामागची टेकडी हेच देवाचे रूप मानलेले असल्यामुळे इथे प्रदक्षिणा टेकडीला घालायची असते. वाट बांधलेली, अंतर साधारण एक किलोमीटर, एका बाजूला टेकडी आणि उरलेल्या वाटेवर वारा, आणि संपल्यासंपल्या शहाळे. गिर्यारोहणाचे याहून सुसंस्कृत रूप अजून कोणाला सुचलेले नाही.

अशा गावातले पाचसात जण पहाटे तीन वाजता उणे दहा अंशांत डोंगर चढायला जातात, ही गोष्ट म्हणूनच तपासून पाहण्याजोगी ठरते.

जाण्याची वेळ ठरलेली असते. डिसेंबरात कोणी हलू शकत नाही, कारण नाताळच्या सुट्टीत सगळा घाटमाथा पुळ्याच्या किनाऱ्यावर उतरलेला असतो आणि ज्याच्या घराला दोन जादा खोल्या आहेत तो प्रत्येक जण त्या दिवसांत हॉटेलमालक असतो. बागायतदार मोहोराच्या फवारण्यांत अडकलेला. जानेवारीच्या अखेरीस गर्दी ओसरते, हातात पैसे खुळखुळतात आणि कोणाच्या तरी मोबाइलवर बर्फाचा फोटो येतो. ठिकाणही बहुधा ठरलेलेच: उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यातले केदारकंठा. उंची सुमारे ३,८१० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. दोन कळसूबाया एकीवर एक उभ्या केल्या आणि तिसरी गुडघ्यापर्यंत वर ठेवली की हिशेब जुळतो. नवशिक्यांसाठी सोपे, असे या शिखराचे वर्णन करण्याची पद्धत आहे. हे वर्णन करणारे सगळे जाऊन आलेले असतात, ही बाब ध्यानात ठेवावी.

मराठी माणसाला आणि बर्फाला एकमेकांचे वावडे आहे, असे मात्र नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमीचे आठ जण पोचले, आणि २०१९ साली त्याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनगंगा गाठले. एव्हरेस्ट आणि केदारकंठा यांच्यातला फरक एवढाच, की एव्हरेस्टला निघालेल्याला घरचे समजावून पाहतात आणि केदारकंठ्याला निघालेल्याला डबा देतात.

रात्री चालण्याचा सराव महाराष्ट्राला चांगला आहे. शेवटची कसारा लोकल पकडून, फलाटावर डुलक्या काढून, अंधारात डोंगर गाठणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या मुंबईने पोसल्या. सह्याद्रीत रात्री चालायचे ते ऊन टाळण्यासाठी आणि सोमवारी कामावर हजर होता यावे म्हणून. हिमालयातल्या रात्रीचे कारण निराळे आहे, ते पुढे येईल. पुळ्यातला सराव पुळणीवर होतो. ट्रेक नेणाऱ्या संस्था पाच किलोमीटर किती मिनिटांत पळता येते ते विचारतात; हा आकडा संध्याकाळी ओल्या वाळूवर पळून काढला जातो आणि कळवण्यापूर्वी त्यात थोडी दुरुस्ती केली जाते. पाठीवर ओझे घेऊन चढण्यासाठी आरे-वारेचा चढ आहे. ओझे म्हणून पिशवीत सोललेले नारळ भरतात. पंधरासोळा नारळांत दहा किलो भरते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण नारळ काय भावाने दिले असे विचारतो आणि तिसऱ्या दिवशी ते खरोखरच विकून सराव संपतो.

कपड्यांचा प्रश्न मोठा असतो. कोकणातल्या कपाटात स्वेटर सापडत नाही. सापडलाच तर तो शाळेच्या सहलीसाठी घेतलेला आणि आता फक्त डोक्यातून जाणारा असतो. म्हणून पुण्याच्या आत्याकडे निरोप जातो. पुण्यात दसऱ्यानंतर स्वेटर घालण्याची परंपरा असल्यामुळे तिथे साठा असतो. शास्त्र असे सांगते की एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत घाम बाहेर टाकणारा, त्यावर ऊब धरणारा, वर वारा अडवणारा. सुती कपडा मात्र नको, कारण घामाने भिजला की तो वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतो. सुती बनियनवर श्रद्धा असलेल्या प्रदेशाला हे पटणे जड जाते. डोक्याला माकडटोपी. हिचे इंग्रजी नाव क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लाव्हा या गावावरून आले. १८५४ साली तिथे लढाई झाली आणि त्या थंडीत ब्रिटिश सैनिकांना अशा विणलेल्या टोप्या धाडल्या गेल्या. मराठीने सैन्याचा संबंध तोडून सरळ दिसते ते नाव दिले. बुटांवर बसवायचे खिळ्यांचे पट्टे आणि पोटरीला गुंडाळायचे गेटर्स ट्रेकच्या ठिकाणीच भाड्याने मिळतात.

खाऊची पिशवी आई भरते आणि तिच्यावर कोणाचाही अधिकार चालत नाही. आल्याच्या वड्या, सुंठ, आमसुले, आंबापोळी, कुळथाचे पीठ, कोकम सिरपची बाटली आणि ‘तिकडे अंग फुटते’ म्हणून खोबरेल तेल. या सामानापैकी प्रत्येक वस्तूचे थंडीत पुढे काहीतरी होते.

रत्नागिरीहून दिल्लीकडे मंगला एक्स्प्रेसने जाता येते. तिथून डेहराडून, आणि डेहराडूनहून सांकरी गावापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता, ज्याला सगळा दिवस लागतो. नैटवाडला रुपीन आणि सुपीन नद्या मिळून टोन्स होते; तोवर मोबाइलची रेंज गेलेली असते आणि गाडीतल्या निम्म्यांचे तोंड खिडकीबाहेर असते. सांकरी साधारण १,९५० मीटरवर. इथे पुळेकराच्या वाट्याला एक अनुभव येतो, जो इतर गावच्या लोकांना येत नाही.

तो स्वतः पर्यटक झालेला असतो. समोरच्या घरावर राहण्या-जेवणाच्या घरगुती सोयीची पाटी असते आणि त्या सोयीत काय काय नसते हे त्याला पाटीमागून पाहण्याची सवय असते. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच आणि बादलीला वेगळे पैसे, हे ऐकून त्याला राग येत नाही. व्यावसायिक आदर वाटतो. ‘खोलीतून शिखर दिसते’ म्हणून घेतलेल्या खोलीतून शिखर दिसण्यासाठी खिडकीबाहेर कमरेपर्यंत झुकावे लागते. त्याच्या घरच्या ‘सी व्ह्यू’ खोलीतून समुद्रही असाच दिसतो. यजमान आणि पाहुणा जेवताना एकमेकांकडे पाहून हसतात आणि दोघांपैकी कोणीही विषय काढत नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फ लागतो तेव्हा मात्र पुळेकराचा तोल सुटतो. पुळ्याच्या किनाऱ्यावर पहिली लाट पायाला लागताच किंचाळणाऱ्या, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून फोटो काढणाऱ्या, ‘पाणी खरंच खारट आहे गं’ असे ओरडून कळवणाऱ्या घाटावरच्या मंडळींना तो जन्मभर हसत आलेला असतो. आता तो स्वतः किंचाळतो, मूठभर बर्फ मित्राच्या कॉलरीत घालतो, उताणा पडून हातपाय हलवतो आणि थोडा बर्फ खाऊनही पाहतो. देवदाराखाली विडी ओढत बसलेला गढवाली खेचरवाला हे सगळे पाहत असतो. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव पुळेकराच्या ओळखीचा असतो, कारण तो त्याचा स्वतःचाच असतो.

जुडा का तालाब हा पहिला मुक्काम. तलाव गोठलेला असतो आणि त्यावर पाय देऊ नये असे सांगितलेले असते. पुढला मुक्काम शिखराच्या पायथ्याशी, सुमारे ३,४०० मीटरवर. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. अक्षांश आणि हिवाळा यांची त्यात भर पडली की रात्री पारा उणे दहाच्या आसपास येतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६३ टक्केच उरतो. पुळ्याला एका श्वासात मिळणाऱ्या प्राणवायूसाठी इथे दीडाहून जास्त श्वास घ्यावे लागतात. बुटाची नाडी बांधणे हे त्यामुळे कष्टाचे काम होते आणि दोन्ही नाड्या बांधून झाल्यावर थोडे बसावे लागते. डोके दुखणे, मळमळणे, जेवण नकोसे होणे, झोप न लागणे ही उंची न मानवल्याची लक्षणे आहेत. काहींना ती आदल्या आयुष्यातून ओळखीची वाटतात. लक्षणे वाढली तर खाली उतरणे हाच खरा उपाय, आणि तिथे मर्दुमकी दाखवायची नसते.

आता रात्रीचे कारण. दिवसा ऊन लागले की बर्फाचा वरचा थर भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि उतारांवर हिमकडे सुटण्याचा धोका वाढतो. दुपारनंतर शिखरांवर वाराही उठतो. रात्री तोच थर गोठून घट्ट होतो आणि खिळ्यांचे पट्टे त्यात पकड घेतात. म्हणून दोनतीन वाजता निघायचे, उजाडताना माथ्यावर आणि ऊन चढण्याआधी खाली. एव्हरेस्टचा शेवटचा टप्पाही गिर्यारोहक याच हिशेबाने रात्री सुरू करतात. हे सगळे वाटाड्या हातवारे करून समजावत असतो तेव्हा दिल्ली-बंगळूरची मुले वह्या काढतात. पुळेकराला मात्र पहिल्या वाक्यात कळलेले असते. गावाचे नावच मुळी पुळणीवरून पडले असे मानतात. कोरड्या पुळणीत पाऊल रुतते आणि दोन पावले टाकली की एक मागे येते. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बैलगाडी जाते. ताजा बर्फ ही कोरडी पुळण आणि पहाटेचा गोठलेला बर्फ ही ओहोटीची वाळू. डोंगराला रात्री ओहोटी लागते आणि ऊन आले की भरती येते, आणि भरतीच्या आत परतायचे असते, हे खाडी ओलांडून शाळेत गेलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. एवढ्या एका ज्ञानावर तो पुढले दोन तास खूश असतो.

झोपायची वेळ संध्याकाळी सातची. तंबूत तिघे, प्रत्येक जण आपापल्या निद्रापिशवीत केळफुलासारखा गुंडाळलेला. पिशवीत माणसाखेरीज आणखी बरेच काही घ्यावे लागते. मोबाइल, कारण थंडीत बॅटरी पटकन बसते. उद्याचे मोजे. बूट आत घ्यावेत की नाही यावर मतभेद आहेत, आणि ते तंबूतल्या इतर दोघांचे असतात. पाण्याची बाटली बाहेर राहिली तर उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठत येते आणि सरळ ठेवलेल्या बाटलीचे तोंडच बंद होते. टूथपेस्टचा दगड होतो. आंबापोळीचे चामडे होते. तिने तंबूचा खुंटा ठोकता येतो. खोबरेलाबद्दल बोलायलाच नको. हिवाळ्यातली ती हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, गालांची साल निघते आणि तेलाची गरज जन्मात पहिल्यांदा खरोखर भासते, नेमके तेव्हा ते बाटलीत शाळिग्रामासारखे घट्ट बसलेले असते. काखेत अर्धा तास धरले तर बोटभर मिळते. गोठत नाही ते कोकम सिरप. साखरेचा दाट पाक पाण्याइतक्या सहजी गोठत नाही, या नियमानुसार ते शेवटपर्यंत पातळ राहते. पण त्यात घालायला पाणी पातळ उरलेले नसते.

रात्रीच्या अकराच्या सुमारास एका विषयाला तोंड द्यावे लागते, ज्याबद्दल ट्रेकची माहितीपत्रके मौन पाळतात. थंडीत कातडीकडले रक्त आत सरकते, मूत्रपिंडांना शरीरात पाणी फार झाल्यासारखे वाटते आणि ती कामाला लागतात. त्यात उंचीवर भरपूर पाणी प्या असे सगळ्यांनी बजावलेले असते. परिणामी, ऊबदार पिशवीत पडलेला माणूस पाऊण तास ‘जाऊ की नको’ या प्रश्नाचा सर्व अंगांनी विचार करतो. मग पिशवीची चेन, जॅकेटची चेन, आतल्या तंबूची चेन, बाहेरच्या तंबूची चेन, आणि बर्फाने भरलेले दुसऱ्याचेच बूट. परत येऊन चारही चेनी उलट क्रमाने लावून झाल्या की शेजारचा उठतो.

दोन वाजता चहा येतो. अंगावर तीन थर, त्यावर आत्याचा स्वेटर, दोन मोजे, दोन हातमोजे, माकडटोपी, तिच्यावर डोक्याची बॅटरी. इतके घातल्यावर माणसाचा हात स्वतःच्या नाकापर्यंत पोचत नाही आणि नाक तर त्याच वेळी वाहू लागते. एकमेकांना ओळखायची सोय राहत नाही, म्हणून आवाजावरून आणि आत्याच्या विणकामावरून माणसे ओळखतात. बाहेर मात्र अपेक्षेइतका अंधार नसतो. बर्फ चांदण्यांचा उजेड परतवतो; चंद्र असला तर बॅटरीची गरजच पडत नाही. मृग तोवर मावळलेला असतो आणि उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले असतात. ताज्या बर्फात हवाच फार असल्यामुळे तो आवाज शोषून घेतो. लाटांच्या आवाजात जन्मलेल्या आणि त्या आवाजाशिवाय कधी न झोपलेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला बहिरेपणासारखी वाटते. थोड्या वेळाने त्याला स्वतःचे हृदय ऐकू येते आणि मग तो जोरात बोलायला लागतो.

चालताना एकामागे एक ओळ धरायची असते. दिव्यांची ती रांग दुरून पालखीसारखी देखणी दिसते. आतून पाहता प्रत्येकाला समोरच्याच्या टाचा आणि त्याने सोडलेली वाफ एवढेच दिसते. घामही येऊ द्यायचा नसतो, कारण थांबल्यावर तो गोठवतो. म्हणून चाल अशी धरायची की बोलता यावे पण गाता येऊ नये. थांबायचे ते दोनतीन मिनिटेच. ‘आणखी किती?’ या प्रश्नाला वाटाड्याचे उत्तर एकच असते: बस, वीस मिनिटे. हे उत्तर तो तीन वाजता देतो, पावणेचारला देतो आणि पाचलाही देतो. इतर राज्यांतले लोक चिडतात. कोकणातल्या माणसाला मात्र घरी असल्यासारखे वाटते. ‘हे काय, इथंच, हाकेच्या अंतरावर’ असे सांगून त्याने स्वतः कितीक पाहुण्यांना भर उन्हात मालगुंडपर्यंत चालवलेले असते.

या टप्प्यावर गट विरळ होत जातो. समोर पूर्वेकडे ज्या शिखरांच्या कडा अंधारात चाचपडता येतात त्यांत स्वर्गारोहिणी आहे. पांडव स्वर्गाला गेले ते इथूनच, अशी समजूत आहे, आणि त्या प्रवासाचा वृत्तान्त महाभारतात असल्यामुळे हिवाळी ट्रेकमध्ये माणसे कोणत्या क्रमाने गळतात याची जुनी नोंद उपलब्ध आहे. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. तेव्हा प्रत्येकाच्या पडण्याचे कारण युधिष्ठिर सांगत गेला. आताही सांगितले जाते. एकाचा गुडघा जुना दुखरा असतो. एकाला रात्रीचा राजमा बाधलेला असतो. तिसरा ‘तुम्ही व्हा पुढे, मी सूर्योदय इथूनच घेतो’ म्हणून पश्चिमेकडे तोंड करून बसतो. व्यायामशाळेत जाणारा भीम सर्वांत शेवटी बसतो, आणि त्याने खाण्यासाठी आणलेल्या वस्तू तोवर संपलेल्या असतात, ही बाबही मूळ कथेला धरून आहे. बसणाऱ्यांबरोबर मागचा वाटाड्या थांबतो आणि त्यांना खाली नेतो. टिकून राहतो तो कुत्रा. सांकरीकडची दाट केसांची कुत्री ट्रेकर्सबरोबर आपणहून निघतात, चार पायांवर सहज वर जातात आणि दमलेल्या माणसाकडे मान वाकडी करून पाहतात. युधिष्ठिराच्या कुत्र्यात यमधर्म होता. या कुत्र्यांत बिस्किटांची आवड तेवढी आढळते.

शेवटचा चढ उभा असतो. इथे संभाषण थांबते आणि ‘आपण इथे का आलो’ हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात उभा राहतो. तत्त्वज्ञानाचा मराठीत अन्यत्र इतका मनापासून अभ्यास झालेला नाही. पुळेकराला टेकडीची प्रदक्षिणा आठवते, शहाळे आठवते, आणि आईवडिलांभोवती फिरून जागेवर बसलेल्या देवाच्या बुद्धीची खरी खोली त्याला या चढावर कळते. अडचण एवढीच की वर जो बसला आहे तो त्याच देवाचा बाप. माथ्यावर त्रिशूळ रोवलेले लहानसे शिवस्थान आहे. लेकाच्या गावाहून आलेला माणूस म्हणून तो तिथे पहिले वाक्य बोलतो ते ‘पोचलो रे बाबा’ असे असते, आणि ते नेमके कोणाला उद्देशून असते हे ठरवणे अवघड आहे.

सातच्या सुमारास उजाडते. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळा नाग यांच्या माथ्यांना आधी रंग चढतो. पुळ्याचे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, किनारा पश्चिमेला आहे, आणि गावाचा सगळा धंदा सूर्यास्तावर चालतो; सूर्य बुडताना पाहण्याचे तिथे लोक पैसे देतात. सूर्य उगवतो तो मागच्या डोंगराआडून, सडा घालण्याच्या वेळेला, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. त्यामुळे पुळेकराला सूर्योदयाचे काय करावे ते चटकन सुचत नाही. तो सवयीने पाठ फिरवून पश्चिमेला पाहतो. तिथे डोंगराची सावली निळसर पसरलेली असते. ‘अरे, इकडे!’ असे मित्र ओरडतात तेव्हा तो वळतो, हातमोजा काढून मोबाइल काढतो, आणि ऐंशी टक्के चार्ज दाखवणारा मोबाइल त्याच क्षणी बंद पडतो.

माथ्यावर पंधरावीस मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत. उतरणे ही चढण्याहून निराळी विद्या आहे. टाच आधी रोवायची, गुडघे सैल, काठी पुढे. ही विद्या पाच मिनिटे पाळली जाते. त्यानंतर वाटाड्याने सुरक्षित म्हणून दाखवलेल्या उतारावर सगळे बसतात आणि घसरत जातात. चार तासांत चढलेले अंतर पाऊण तासात पँटच्या बुडाने कापले जाते. भाड्याच्या पँटला तळाशी दुहेरी कापड का लावलेले असते, याचा उलगडा तिथे होतो. काळा चष्मा विसरलेल्यांचे डोळे दुपारी चुरचुरतात. बर्फावरून परतणारे ऊन खालून लागते, म्हणून नाकपुड्यांच्या आतल्या बाजू भाजतात. उन्हाने तिथे भाजता येते, हे कोकणालाही ठाऊक नव्हते.

सांकरीत आल्यावर पाच दिवसांनी पहिली आंघोळ होते. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाने बादलीचे वेगळे पैसे न कुरकुरता दिलेले पाहून यजमानाला भरून येते, आणि तो कुळथाचे पीठ कसे शिजवतात ते विचारतो. गढवालातही कुळीथ पिकतो, तिथे त्याला गहत म्हणतात. त्या संध्याकाळी दोन्हीकडच्या पिठल्याची तुलना होते आणि संबंध प्रवासात खरी चुरस तिथेच दिसते.

गावी परतल्यावर केदारकंठ्याची उंची हळूहळू वाढते. उणे दहाचे उणे अठरा होतात आणि कुत्र्याच्या जागी बिबट्या येण्याची शक्यता निर्माण होते. फुगलेले निळे जॅकेट मात्र कुठे ठेवावे हा प्रश्न उरतो. ते घालून पुळ्यात फिरता येत नाही, आणि जुलैच्या दमटीत कपाटात ठेवावे तर त्याच्यावर बुरशी धरते. शेवटी ते पुण्याच्या आत्याकडे स्वेटराबरोबर रवाना होते. पुढच्या डिसेंबरात बाटलीतले खोबरेल गोठते तेव्हा हा वीर ‘याला काय थंडी म्हणतात?’ असे म्हणत उघड्या अंगाने ओटीवर येऊन बसतो. तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी होते. आई त्याला आल्याचा काढा देते आणि तेलाची बाटली कठड्यावर उन्हात ठेवते.